आय-थ्री की आय-फाइव्ह? आधी कार्डाचं बिल नीट वाचा

सांगलीजवळच्या एका वाचकांचं पत्र आहे. मुलगी मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऑटोकॅड (इंजिनिअरिंगची ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) आणि थोडंफार व्हिडिओ एडिटिंग यासाठी तिला रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण दुरुस्त करून विकायला ठेवलेला डेस्कटॉप घ्यायचा आहे. दुकानदाराने दोन दाखवले: इंटेलचा आय-फाइव्ह ६५०० प्रोसेसर असलेला १५,५०० रुपयांना आणि आय-थ्री ८१०० असलेला १९,००० रुपयांना. ‘आय-थ्री कमी दर्जाचा, मग त्याला साडेतीन हजार जास्त का मोजायचे?’ हा त्यांचा प्रश्न. पैसे क्रेडिट कार्डावर भरणार आहेत. शेवटी जाता जाता लिहिलंय: ‘चौदा महिन्यांपूर्वी घरच्या लग्नात ९६ हजार कार्डावर गेले, आता ८५ हजार राहिलेत. बिल मी दर महिन्याला न चुकता भरतो. मुलीच्या पदवीसाठी दीड लाखाची एफडी आहे, तिला मात्र हात लावायचा नाही. कॉम्प्युटर आला की मुलगी एडिटिंगची कामं घेईल, सहा महिन्यांत पैसे वसूल होतील.’ सोबत बिलाची प्रत आहे.

प्रोसेसरचं आधी उरकतो, कारण त्यात फार डोकं लावण्यासारखं काही नाही. १९,००० वाला घ्या.

आय-थ्री, आय-फाइव्ह हे हुद्दे एकाच पिढीत लावायचे असतात. ६५०० हा २०१५ चा, सहाव्या पिढीतला. ८१०० हा २०१७ चा, आठव्या पिढीतला. दोघांनाही कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) चार, थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) चार, कॅश (प्रोसेसरमधली छोटी मेमरी) ६ एमबी, वीज ६५ वॅट. ८१०० चारही कोअर ३.६ गिगाहर्ट्झवर चालवतो. ६५०० चा मूळ वेग ३.२, एखाद्याच कोअरवर काम असेल तेव्हा तो ३.६ गाठतो, चारही कामाला लागले की खाली उतरतो. नवे असताना ६५०० ची किंमत १९२ डॉलर होती आणि ८१०० ची ११७. म्हणजे दोन वर्षांत आय-फाइव्हचं काम आय-थ्रीच्या भावात आलं. दुकानदार अजून स्टिकर विकतोय, एवढंच.

वेगातला फरक तसा किरकोळच. खरा फरक विंडोजचा आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत सहावी पिढी नाही. दुकानात ‘विंडोज ११ टाकून देतो’ म्हणतात ते तपासणी चुकवून टाकतात. पुढे एखादं मोठं अपडेट अडलं की निस्तरायचं तुम्हीच. लिनक्स त्यावर उत्तम चालेल, पण ऑटोकॅड लिनक्सवर चालत नाही. ‘पुढे प्रोसेसर बदलून घ्या’ हेही ऐकू नका. दोन्हीच्या सॉकेटचं (प्रोसेसर बसतो त्या खाचेचं) नाव ११५१ असलं तरी आठव्या पिढीला ३०० मालिकेचा मदरबोर्ड लागतो. ६५०० च्या बोर्डावर फार तर आय-सेव्हन ७७०० बसेल, आणि तोही त्या यादीत नाही.

दुकानात टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या पानावर तीन गोष्टी डोळ्यांनी बघा. प्रोसेसरचं पूर्ण नाव. रॅम किती, आणि किती स्लॉट भरलेत. ८ जीबीच्या दोन पट्ट्या असतील तर उत्तम, एकच असेल तर दुसरी नंतर टाकता येते. आणि डिस्क एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा खूप वेगवान) आहे का. जुनी हार्ड डिस्क असेल तर प्रोसेसर कुठलाही असो, मशीन रडतखडतच चालणार. सेटिंग्जमध्ये विंडोज ॲक्टिव्हेटेड आहे का तेही बघून घ्या. चपटं, लहान कॅबिनेट असेल तर त्याचा पॉवर सप्लाय बेताचा असतो, त्यात पुढे मोठं ग्राफिक्स कार्ड बसणार नाही. मुलीच्या कामाला त्याची गरजही नाही. ऑटोकॅडसाठी पैसे देऊ नका, विद्यार्थ्यांना ते फुकट मिळतं.

आता कार्ड.

तुम्ही न चुकता भरता ते बिल नाही. तुमच्याच प्रतीवर दोन आकडे आहेत: एकूण देय ८५,००० आणि किमान देय ४,२५०. तुम्ही दुसरा भरताय. मागच्या पानावर बारीक अक्षरात व्याजदर आहे, महिना साडेतीन टक्के. ८५ हजारांवर ते झाले तीन हजार. व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी पाचशे. तुमच्या सव्वाचार हजारांपैकी साडेतीन हजार व्याज आणि करात जातात, मुद्दल फिटतं साडेसातशे. चौदा महिन्यांत तुम्ही ६३ हजारांच्या आसपास भरलेत आणि कर्ज उतरलंय ११ हजारांनी. बाकीचे ५२ हजार गेले.

दोन प्रोसेसरमधला ज्या साडेतीन हजारांचा फरक तुम्हाला सलतोय, तेवढेच पैसे कार्ड दर महिन्याला नेतंय.

आणि तिकडे एफडी सात टक्क्यांनी पडून आहे. वर्षाला साडेदहा हजार येतात, कार्डावर वर्षाला बेचाळीस हजार जातात. ‘हात लावायचा नाही’ म्हणून जपलेली एफडी अशी रोज खर्ची पडते आहे, फक्त पासबुकात दिसत नाही.

डेस्कटॉपही कार्डावरच घेतलात तर? जुनी बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, स्वाइप केल्या दिवसापासून व्याज लागतं. १९ हजारांवर वर्षाला नऊ हजारांच्या घरात. ‘नो-कॉस्ट ईएमआय’ मिळाला तरी प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी लागतो, शिवाय तो हप्ता किमान देयात पूर्ण धरला जातो. बिलावर ‘कार्ड प्रोटेक्शन’ नावाची एक वार्षिक रक्कमही दिसतेय. फोनवर ‘हो’ म्हणवून गळ्यात मारलेली असते ती. आजच कस्टमर केअरला सांगून बंद करा आणि ईमेलवर पोच घ्या.

एफडी मोडा. तीन वर्षांपैकी दीड झालंय, म्हणजे दीड वर्षाचा दर मिळेल आणि त्यातून साधारण एक टक्का दंड जाईल. नुकसान अडीच-तीन हजार, कार्डाच्या एका महिन्याच्या व्याज-करापेक्षाही कमी. एफडीवर कर्ज काढा असं शाखेतून सुचवतील. फेडायला पैसा हातात असताना कर्जाच्या जागी कर्ज कशाला? हातात १ लाख ६२ हजारांच्या आसपास येतील. कार्डाचे ८८ हजार (बिलानंतरचं व्याज धरून), डेस्कटॉपचे १९ हजार, उरले ५५. कार्डाला जाणारे सव्वाचार हजार आता दर महिन्याला रिकरिंग डिपॉझिटमध्ये टाका.

डिप्लोमानंतर मुलीच्या पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाला दीड वर्ष आहे. तोवर रिकरिंगचे साडेशहात्तर हजार जमतील, व्याजासकट सगळे मिळून १ लाख ३५ हजार. कर्ज शून्य, मशीन घरात. आता चाललंय तसंच चालू ठेवलंत तर एफडी १ लाख ८५ हजारांची होईल, पण कार्डावर अजून ७२ हजार असतील. उरतात १ लाख १३ हजार, आणि त्यात कॉम्प्युटर धरलेलाच नाही.

एडिटिंगच्या कमाईचा आकडा मी कुठेही धरलेला नाही, तुम्हीही धरू नका. ती डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला सबमिशन आहेत, परीक्षा आहेत. चार पैसे आलेच तर तिच्या खात्यात राहू देत. बापाच्या कार्डाचा हप्ता तिच्या माथी नको.

क्रम चुकवू नका. आधी एफडी. मग कार्ड कंपनीला फोन करून ‘आज भरलं तर एकूण किती’ असं विचारा आणि तेवढी रक्कम भरा. नंतर दुकान, पैसे यूपीआयने. कार्डावर दोन टक्के जादा मागणारे असतात, तेही वाचतील. पुढच्या बिलात शे-पाचशे किंवा हजार-दोन हजार पुन्हा दिसले तर घाबरू नका, ते मधल्या दिवसांचं व्याज असतं. तेही पूर्ण भरा. त्यानंतर कार्ड ठेवायचं असेल तर ऑटो-डेबिट लावा आणि तिथे ‘एकूण देय’ निवडा. अर्जावर ‘किमान देय’चा चौकोन त्याच्या शेजारीच असतो. बंद करायचं असेल तर लेखी विनंती द्या. बाकी शून्य असताना सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद केलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार त्यांना दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात.