ऐरोलीहून शनिवार-रविवारात समुद्रकाठाने चालणं, पोहणं आणि तंबूत मुक्काम, हे सगळं कुठे जमेल?

पोहता येतं पण समुद्राची सवय नाही असं तुम्ही लिहिलंय, म्हणून अलिबागच्या दक्षिणेचा अक्षी ते रेवदंडा किनारा सुचवतो. आपल्या दाराशी पाणी आहे खरं, पण ते खाडीचं. चिखल आणि तिवरं, फ्लेमिंगोंची मजा.

पनवेलहून एसटीने अलिबाग, तिथून रेवदंड्याच्या गाडीने अक्षी. मग समुद्र उजव्या हाताला ठेवून नागाव, चौल, रेवदंडा. आठ-दहा किलोमीटरची वाळू, वरच्या अंगाला सुरूची बनं आणि नारळी-पोफळीच्या वाड्या.

तंबू-बिंबू नंतर बघा, आधी कालनिर्णय उघडा आणि अष्टमीच्या जवळचा शनिवार धरा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि भर दुपारी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. नऊ-साडेनऊला चालायला लागलात की पाणी मागे हटत जातं आणि खाली ओली, घट्ट वाळू मिळते. वरच्या कोरड्या वाळूत पाठीवर सॅक घेऊन चालून बघा, पोटऱ्या बोलायला लागतात. शिवाय अष्टमीला भांगाची भरती असते, पाण्याला जोर कमी. पौर्णिमा-अमावस्येचं उधाण चांदण्यासाठी ठीक, पण दुपारी बाराला पाणी पार वर आलेलं असतं. मग चालायचं कुठून?

पोहायचं दुपारी तीननंतर, भरती चढताना. ओहोटीचं पाणी बाहेर ओढतं. अक्षीच्या खाडीच्या आणि रेवदंड्याला कुंडलिका नदीच्या मुखाजवळ अजिबात उतरू नका, तिथे ओढ फार. नागाव-चौलच्या मधल्या पट्ट्यात, स्थानिकांना विचारून, छातीएवढ्या पाण्यापर्यंतच. ओढ लागलीच तर पाण्याशी भांडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघा. पावसाळ्यात तर हा बेत नकोच; ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम.

मुक्कामाला शक्यतो एखाद्या वाडीत विचारून तंबू लावा, जेवणही आधी सांगितलं तर तिथेच होतं. किनाऱ्यालगतच लावायचा असेल तर शेवाळ, काटक्या, बाटल्यांची जी कोरडी रेघ दिसते, तिच्या बऱ्याच वर. गेल्या उधाणाला पाणी तिथवर आलं होतं असं समजा. सुरूखाली चूल मात्र पेटवू नका, वाळलेल्या काड्यांचा थर क्षणात पेट घेतो.

रविवारी सकाळी रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट बघा आणि वेळ उरला तर पूल ओलांडून कोर्लईचा किल्ला. परतताना वडखळच्या ट्रॅफिकचा भरवसा नाही, तेव्हा दुपारी दोनच्या आत अलिबाग सोडा.