‘इनॅप्ट’ लिहिण्यापूर्वी

‘इनॅप्ट’ (inapt) या इंग्रजी शब्दाचा अर्थ काय आणि तो कुठे वापरावा, असे आपण विचारले. हा शब्द अवघड नाही. फक्त ‘इनेप्ट’शी (inept) त्याची गल्लत होऊ देऊ नका, कारण दोन्हींच्या मुळाशी ‘योग्य’ अशा अर्थाचा लॅटिन ‘आप्टस’ असला, तरी आज त्यांचे अर्थ वेगळे आहेत. यवतमाळच्या कोरडवाहू कपाशीबद्दल बोलताना कोणी भंडाऱ्याच्या धानाच्या बांधीचा (पाणी साठवलेल्या भातखाचराचा) दाखला दिला, तर तो दाखला ‘इनॅप्ट’, अर्थात अप्रस्तुत. आणि डवरणी (पिकाच्या ओळींमधले तण काढणे) करताना ओळीतली रोपेच उखडणारा गडी ‘इनेप्ट’, म्हणजे अकुशल. (मीही एका अर्जात नेमके उलटे लिहिले होते.) उपमा, शेरा, उदाहरण यांच्यासाठी ‘इनॅप्ट’ शोभतो, बियाणे जमिनीला मानवत नसेल, तर मात्र साधे ‘अनसूटेबल’ लिहावे. ‘अनॅप्ट’ (unapt) या तिसऱ्या, मिळत्याजुळत्या शब्दाचा नाद तूर्त सोडा.