वाचकांचे प्रश्न: सुझन वेडी होती का हो?

प्रश्न: परवा मेरिल स्ट्रीपचा 'प्लेंटी' बघितला. अर्ध्यापर्यंत बाई आवडली, नंतर डोक्यात गेली. नवरा बिचारा इतका सांभाळून घेतो आणि ही त्याची नोकरी पण घालवते. युद्धाचा धक्का वगैरे ठीक आहे, पण मग ही मनोरुग्ण समजायची का? की दिग्दर्शकाला काहीतरी वेगळं म्हणायचंय जे आम्हाला कळलं नाही?
– एक वाचक, सांगली

उत्तर: डोक्यात गेली ना? मग सिनेमा बरोबर पोचलाय, कारण ज्या नाटकावरून सिनेमा झाला त्याचा लेखक डेव्हिड हेअर, त्यानं ही बाई कुणाला गोड वाटावी म्हणून लिहिलेलीच नाही, आणि 1978 ला लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये नाटक पहिल्यांदा आलं (सुझन केट नेलिगननं केली होती) तेव्हाही अर्धे लोक तिच्या बाजूनं आणि अर्धे तिच्यावर वैतागलेले, असंच होतं.

ज्यांनी बघितला नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. सुझन ट्रहर्न ही इंग्लंडची मुलगी, वय विशीच्या आत-बाहेर, युद्धात जर्मनांनी व्यापलेल्या फ्रान्समध्ये गुप्त काम करते. हे काम एसओई म्हणून जी ब्रिटिशांची गुप्त संघटना 1940 ला काढली होती तिचं. आपली नूर इनायत खान त्यातलीच, तिला 1944 ला डाखाऊच्या छावणीत मारलं. सुझन मात्र वाचते, आणि खरी गोष्ट तिथून पुढे, म्हणजे वाचल्यावर करायचं काय. शिपिंगच्या ऑफिसात कारकुनी, मग जाहिरातीच्या धंद्यात, मग परराष्ट्र खात्यातल्या रेमंड ब्रॉकशी लग्न. हेअरनं सांगितलंय की एसओईनं शत्रूच्या मुलखात उतरवलेल्या बायकांपैकी 75 टक्के जणींचे पुढे घटस्फोट झाले हा आकडा त्याच्या वाचनात आला आणि नाटक तिथून सुचलं.

आता वेडी का. माझं स्पष्ट मत, सिनेमा बघून हा प्रश्न पडतो आणि नाटक वाचून तेवढा पडत नाही, त्याचं कारण सीनच्या क्रमात आहे. नाटकात पहिलाच सीन 1962 चा, लंडनमधलं रिकामं घर, नवरा जमिनीवर उघडा बेशुद्ध पडलाय आणि ही शांतपणे मैत्रिणीला घर देऊन निघून जातेय, म्हणजे शेवट काय होणार ते पहिल्या दहा मिनिटांत कळून चुकतं, मग पुढचं सगळं बघताना आपण 'आता हिचं काय होईल' असं न बघता 'इथपर्यंत गाडी आली कशी' असं बघतो. सिनेमात (1985, दिग्दर्शक फ्रेड शेपिसी, पटकथा हेअरचीच) तो सीन उचलून त्याच्या जागी मागे टाकला, गोष्ट 1943 पासून सरळ चालते, आणि सरळ चालली की ती एका बाईच्या हळूहळू बिघडत जाण्याची केस वाटायला लागते, डॉक्टरच्या फाइलसारखी. हेअरनं हे स्वतःच केलंय म्हणून तक्रार तरी कुणाकडे करणार.

पण सुएझचं जेवण परत बघा, प्लीज. 1956 चा नोव्हेंबर, इजिप्तच्या नासरनं सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलंय, ब्रिटन-फ्रान्सनं इस्रायलशी आतून संधान बांधून इजिप्तवर सैन्य उतरवलंय आणि जगासमोर सांगतायत काय तर आम्ही मध्यस्थ. ब्रॉककडे पाहुणे आलेत, ब्रह्मदेशाच्या वकिलातीतला अधिकारी सपत्नीक आहे, ब्रॉकचा जुना साहेब डार्विन आहे, आणि सुझन अगदी हसतमुखानं जाहीर करते की आज सुएझबद्दल कुणी बोलणार नाही, फजिती हा शब्द नाही, घोडचूक हा शब्द नाही, आणि 'बोलायचं नाही' म्हणता म्हणता सगळं बोलून टाकते. वर पॅराशूटवाल्या सैनिकांची कीव करते, की आम्ही फ्रान्समध्ये उतरलो तेव्हा खाली निदान काही लोकांना तरी आम्ही हवे होतो. सगळे मान खाली घालून जेवतायत. आता सांगा, त्या टेबलावर खरं कोण बोलतंय? एकटी तीच. आणि डार्विन राजीनामा देतो तो का, तर युद्ध चूक म्हणून नाही, आपल्याला खोटं सांगितलं म्हणून! जॉन गिलगुडनं तो म्हातारा असा केलाय की बाकी सिनेमा विसरलात तरी तो लक्षात राहील.

तेव्हा मनोरुग्ण म्हणून शिक्का मारायची घाई नको. ती आजारी नाहीच असंही मी म्हणत नाही, मूल हवं म्हणून गाठलेल्या मिकवर बंदूक झाडते ते काय नॉर्मल माणसाचं काम नाही. पण फ्रान्समध्ये रोज जिवावर उदार होऊन जे केलं त्याला अर्थ होता, आणि घरी आल्यावर सगळा देश सभ्यपणे खोटं बोलण्यात रमलाय, हे तिला पचत नाही. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधल्या आपल्या बेणारेबाईंना कोर्टात शेवटी दहा सेकंद मिळतात आणि त्यात त्या सगळं सांगून टाकतात. सुझन अख्खा सिनेमाभर बोलतेय, ऐकायला माणसं पण आहेत, उत्तर कुणीच देत नाही.

ब्रॉकबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. चार्ल्स डान्सचं काम मला स्ट्रीपच्या खालोखाल आवडलं. तो वाईट माणूस नाहीच. फक्त त्यांची ओळखच मुळी अशी झालेली की ब्रसेल्समध्ये सुझनसोबतचा माणूस हॉटेलात अचानक मेला आणि त्याच्या बायकोला काय थाप मारायची ते हिनं ब्रॉकला सांगितलं. तिथून सुरू झालेला संसार कसा चालणार?

प्रश्न: मिक झालेला तो गायक स्टिंगच का? आणि ती दोघं लग्न का नाही करत?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: हो, तोच. लग्न नाही, कारण तिला मूल हवंय, नवरा नकोय, तसं ती त्याला तोंडावर सांगते. त्याला वाटतं आपण पुढेमागे तिच्या मनात जागा करू. दीड वर्ष काही होत नाही आणि मग वर म्हटलं ते बंदुकीचं प्रकरण. स्टिंग बरा आहे, पण त्याच सिनेमात ट्रेसी उलमन मैत्रीण ॲलिस झालीय तिच्याकडे बघा, तिला बाफ्टाचं, म्हणजे ब्रिटिश सिनेपुरस्काराचं, नॉमिनेशन होतं.

प्रश्न: याच धर्तीचं अजून काही सुचवाल का? शक्यतो नाटकावरून केलेलं.
– एक वाचक, फोंडा

उत्तर: टेरेन्स रॅटिगनचं 'द डीप ब्लू सी', नाटक 1952 चं, सिनेमा 2011 चा, टेरेन्स डेव्हिसचा, रेचेल वाइझ आहे. न्यायाधीशाची बायको हेस्टर नवरा सोडून फ्रेडी नावाच्या माजी वैमानिकाकडे राहायला येते. तिथं युद्धातून बाहेर पडता न आलेला माणूस तो आहे, 1940 नंतर आयुष्यात काही घडलंच नाही असा त्याचा सूर, आणि भोगायला लागतं हिला. गंमत म्हणजे हीच रेचेल वाइझ 2016 ला न्यूयॉर्कमध्ये स्टेजवर सुझन झाली होती. हेस्टर आधी बघा, ती जरा सोपी जाते.