उजव्या स्टिअरिंगच्या ट्रकला डाव्या स्टिअरिंगचा पत्रा

प्रश्न : माझ्याकडे उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेला १९५१ सालचा शेव्हरोले ३१०० पिकअप ट्रक आहे आणि निव्वळ हौसेपोटी मी तो मूळ रूपात आणतो आहे. केबिनच्या तळाचा पत्रा गंजल्यामुळे जुन्या गाड्यांचे सुटे भाग पुरवणाऱ्या एका विक्रेत्याकडून पूर्ण संच मागवला. व्हॉट्सॲपवर ट्रकचे फोटो पाठवून स्टिअरिंग कोणत्या बाजूला आहे तेही कळवले होते. त्यावर "बसेल" असे उत्तर आले. संच उघडल्यावर पेडलची आणि स्टिअरिंग कॉलमची भोके डावीकडे निघाली. माझ्या लक्षात येईपर्यंत गॅरेजवाल्याने दाराखालचा एक तुकडा कापून जोडलाही होता. बिलावर "खास मागवलेला माल परत घेतला जाणार नाही" असा शिक्का आहे. पैसे परत मिळतील का?

उत्तर : सर्वप्रथम गॅरेजमधले काम आजच थांबवा. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ४१ प्रमाणे माल तपासून पाहण्याची वाजवी संधी खरेदीदाराला मिळालीच पाहिजे. परंतु कलम ४२ प्रमाणे, मालाची मालकी अजून विक्रेत्याचीच आहे या भूमिकेशी विसंगत असे कृत्य खरेदीदाराने केले, किंवा नकार न कळवता वाजवी मुदतीपलीकडे माल ठेवून घेतला, तर त्याने तो स्वीकारला असे कायदा मानतो. पत्रा कापणे आणि त्यावर वेल्डिंग करणे ही अशा कृत्याची ठळक उदाहरणे आहेत. म्हणून "हा संच वर्णनाप्रमाणे नसल्यामुळे मी तो नाकारत आहे" एवढे तरी विक्रेत्याला ई-मेलने आणि पोचपावतीसह टपालाने लगेच कळवा. नकार रीतसर असेल तर माल स्वखर्चाने परत पाठवण्याचे बंधन कलम ४३ आपल्यावर घालत नाही. तो नीट जपून ठेवणे मात्र आपल्या हिताचे आहे.

आपली मूळ बाजू भक्कम आहे. वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे ही कलम १५ ची गर्भित, म्हणजे करारात न लिहिताही लागू असणारी, अट आहे, आणि खरेदीदाराने आपला विशिष्ट हेतू सांगून विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला, तर तो त्या हेतूला योग्य असावा ही कलम १६ ची. या ट्रकच्या तळाचा पत्रा म्हणजे नुसता सपाट तुकडा नव्हे. क्लच आणि ब्रेकची पेडले त्यातूनच वर येतात, बॅटरी तळाखाली असल्यामुळे तिच्या झाकणाची जागा त्यात असते, आणि तीन गिअरच्या गाडीत दांडा स्टिअरिंग कॉलमवर असला तरी चार गिअरच्या गाडीत तो तळातूनच निघतो. नव्याने बनवलेले असे पत्रे प्रामुख्याने अमेरिकी बाजारासाठी, म्हणजेच डाव्या स्टिअरिंगसाठी घडवले जातात, हे या धंद्यातल्या माणसाला ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे. शिवाय नुसते साल सांगणेही पुरेसे नसते. १९५५ सालचे शेव्हरोले ट्रक दोन वेगळ्या मालिकांत निघाले आणि त्यांच्या केबिन वेगवेगळ्या आहेत. एक गोष्ट मात्र तपासून पाहा. भागाचा क्रमांक कॅटलॉगमधून आपणच निवडून कळवला असेल, तर "मी विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबलो" हा मुद्दा लंगडा पडतो आणि सारा भार फोटो व स्टिअरिंगविषयीच्या संदेशावर येतो.

बिलावरच्या शिक्क्याला घाबरण्याचे कारण नाही. गर्भित अटी करारातील स्पष्ट शब्दांनी वगळता येतात हे कलम ६२ मुळे खरे आहे. पण "परत घेतला जाणार नाही" या शब्दांचा सरळ अर्थ इतकाच निघतो, की मागवलेलाच माल आल्यानंतर केवळ मन बदलले म्हणून तो परत करता येणार नाही. मागवला एक आणि पाठवला दुसरा, अशा प्रसंगाला तो शिक्का लागू पडत नाही. तो बिलावर व्यवहार ठरल्यानंतर उमटला असेल, तर तो कराराचा भाग झालाच नव्हता असेही म्हणता येईल.

खरी अडचण कापलेल्या तुकड्याची आहे. करार विभाज्य, म्हणजे तुकड्यागणिक वेगळा करता येण्याजोगा, नसेल आणि मालाचा काही भाग खरेदीदाराने स्वीकारला असेल, तर कलम १३(२) प्रमाणे अटीचा भंग हा केवळ हमीचा भंग समजावा लागतो; म्हणजे संपूर्ण संच नाकारण्याचा हक्क जातो आणि कलम ५९ प्रमाणे किमतीत कपात व नुकसानभरपाई एवढेच हाती राहते. बिलात प्रत्येक तुकड्याची किंमत वेगळी लावली असेल तर करार विभाज्य असल्याचे म्हणण्यास जागा आहे. पूर्ण संचाची एकच किंमत असेल, तर विक्रेत्याला द्यायच्या नोटिशीत पूर्ण रक्कम परत, नाहीतर किमतीत कपात व भरपाई, अशा दोन्ही मागण्या पर्यायी म्हणून मांडा. जोडलेला तुकडा आता उपटून काढू नका. त्याने पुरावाही बिघडेल आणि पत्राही.

दाद मागण्यासाठी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग हे योग्य ठिकाण आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे आपण राहता त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, कलम ६९ प्रमाणे मुदत दोन वर्षांची आहे, आणि दिलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही. हा ट्रक आपण लग्नसमारंभांना किंवा चित्रीकरणाला भाड्याने देणार असाल, तर विक्रेत्याचा वकील "व्यापारी हेतू"चा, म्हणजे धंद्यासाठी माल घेणारा या कायद्याने ग्राहक ठरत नाही असा, आक्षेप नक्की घेईल. हौसेची गाडी असल्याचे प्रतिज्ञापत्रात स्पष्ट लिहा.

भोके कुठे आहेत हे उघड्या डोळ्यांना दिसते, त्यामुळे प्रयोगशाळेच्या अहवालाची गरज पडू नये. जुना गंजका पत्रा भंगारात देऊ नका. तो आणि नवा पत्रा शेजारी मांडून, मोजपट्टी लावून फोटो काढा आणि गॅरेजवाल्याचे प्रतिज्ञापत्र घ्या. व्हॉट्सॲप संदेशांसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र जोडा. आयोगापुढे पुराव्याचे नियम दिवाणी न्यायालयाइतके काटेकोर नसले, तरी त्यावरून वाद व्हायला नको.

नोटीस मिळताच विक्रेता बहुधा "डावीकडची भोके बुजवून उजवीकडे पाडून देतो" असे म्हणेल. ते मान्य करायचे की नाही हा आपला प्रश्न आहे; माझ्या मते मूळ रूपाचा आग्रह असलेल्याने ते मान्य करू नये. मान्य केलेच, तर काम कोणत्या तारखेपर्यंत होईल, वाहतुकीचा खर्च कोणाचा आणि पत्रा न बसल्यास पूर्ण रक्कम किती दिवसांत परत मिळेल हे त्याच्या सहीनिशी लिहून घ्या, आणि तोपर्यंत आपले सर्व हक्क राखून ठेवले आहेत असे वाक्य त्यात असू द्या.