केरेडिगियन हा पहिल्यापासून प्लाइड कम्रीचाच बालेकिल्ला आहे का? वेल्समधल्या या मतदारसंघाचा इतिहास काय?

बालेकिल्ला वगैरे काही नाही. २०२४ मध्ये प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाचा बेन लेक १४,७८९ मतांनी आला म्हणून आज तसं वाटतं. तोच बेन लेक २०१७ ला पहिल्यांदा आला तो १०४ मतांनी, आणि तेव्हा मी तिथेच, अ‍ॅबरिस्टविथला एमएस्सी करत होतो.

कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून आपल्याला तिथे मत देता येतं. माझा रूममेट सांगलीकडचा. त्याचं नाव मीच मागे लागून नोंदवून घेतलं. पण ८ जूनला गडी डिझर्टेशन उघडून बसला. "आपण पाहुणे, त्यांच्या भानगडीत कशाला पडायचं? आणि एका मताने काय घंटा फरक पडतो?" मग एकटाच गेलो. ओळखपत्र मागितलं नाही, बोटाला शाई नाही. दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने फुली मारायची, की झालं! पहाटे निकाल: लेक ११,६२३, लिबरल डेमोक्रॅट मार्क विल्यम्स ११,५१९. मजूर आणि हुजूर पक्षांनी सात-आठ हजार मतं खाल्ली, त्यामुळे तीस टक्केही न मिळवता लेक खासदार. मी फोनवरचा आकडा रूममेटच्या नाकासमोर धरला, तर म्हणतो, "बघ, १०४ आहे, एक नाही." विद्यार्थ्यांनी भरलेल्या त्या गावात असं म्हणणारे किती असतील?

बाकी, १८८० ते १९६६ ही जागा लिबरलांच्या (लिबरल डेमोक्रॅटांच्या जुन्या पक्षाच्या) घरचीच होती. १९२१ च्या पोटनिवडणुकीत तर लिबरलच लिबरलांशी भांडले, तेव्हाचे पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांचा गट विरुद्ध माजी पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ यांचा गट. १९६६ ला मजूर पक्षाचा एलिस्टन मॉर्गन आला, जो आधी प्लाइडकडून निवडणुका लढला होता! १९७४ ला परत लिबरल. १९९२ ला प्लाइडचा कनोग डेव्हिस ग्रीन पक्षाच्या साथीने चौथ्यावरून थेट पहिल्यावर. २००५ ला मार्क विल्यम्सने २१९ मतांनी ती जागा काढून घेतली. माझ्या मते तिथले लोक पक्षापेक्षा माणूस बघतात.

आणि १८६८ ची निवडणूक जरूर वाचा. मतदान उघड असायचं. लिबरलांना मत दिलं म्हणून जमीनदारांनी या भागातल्या कुळांना शेतावरून हुसकावलं. त्याचा गाजावाजा झाला आणि १८७२ मध्ये गुप्त मतदानाचा कायदा आला. मतापायी जिथे लोकांची शेतं गेली, तिथे राहून "काय फरक पडतो" म्हणायला जीभ कशी रेटते?

आता २०२४ चा आकडा जुन्या आकड्यांशी थेट ताडू नका. हद्द बदलून पेम्ब्रोकशरचा उत्तर भाग जोडलाय, नावही केरेडिगियन प्रेसेली झालंय. आणि रूममेटने मत दिलं असतं तर ते विल्यम्सलाच गेलं असतं, फरक १०३ झाला असता, हेही कबूल.

तरी तिकडे शिकायला जाणार असाल तर नाव नोंदवाच. आता फोटो ओळखपत्र लागतं, भारतीय पासपोर्ट चालतो. व्हिसाची फी आणि घरभाडं भरताना हा पाहुणेपणा कुठे जातो, ते मात्र त्याने मला अजून सांगितलेलं नाही.