मे अखेर कोकणातल्या परसबागेत काय लावावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वेंगुर्ल्याच्या बाजूला गावचं घर, मागे पाचेक गुंठ्यांचं परस, वर्षभर मुंबईत असल्यामुळे लक्ष नाही. मेच्या शेवटी चार दिवस जाताय, सगळं करपलंय, तर काय लावून यावं?

मी कणकवली तालुक्यात राहते आणि अशाच परसात गेली बावीस वर्षं राबते आहे. माझं ऐकाल तर या चार दिवसांत लावायचं कमी आणि खणायचं जास्त. करपलेल्या झाडांकडे बघून आपला जीव कळवळतो आणि पाण्याचा विचार डोक्यात येतो. पण सिंधुदुर्गात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उन्हाळ्यात जगलेलं झाड जुलैत कुजून मरतं, हे इथलं खरं दुखणं आहे. लग्न होऊन आले त्या वर्षी मी पपईला पाणी धरून ठेवणारं सुंदर खोलगट आळं केलं होतं. सासूबाई बघून एवढंच म्हणाल्या, "पानी इला तर जातला खयसून?" म्हणजे पाणी आलं तर जाणार कुठून? ऑगस्ट उजाडायच्या आत दोन्ही पपया बुंध्याशी सडून आडव्या झाल्या. शेजारच्या पोफळीवर, म्हणजे सुपारीच्या झाडावर, चढवलेली मिरवेल (काळ्या मिरीचा वेल) हीही पिवळी पडून गेली.

म्हणून पहिल्या दिवशी फक्त फिरा. गेल्या वर्षीचं पाणी कुठून गेलं याच्या खुणा कोरड्या जमिनीवर अजून असतात. गडग्याच्या, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीच्या, खालच्या चिऱ्यांवर वाळलेल्या शेवाळाचा काळा पट्टा असेल, कुठे गाळ साचून त्याच्या खपल्या झाल्या असतील, कुठे झाडाची मुळं उघडी पडली असतील. खपल्या दिसतील तिथे पाणी तुंबतं. तिथून उताराच्या बाजूला हातभर रुंद चर काढा आणि गडग्याखालचं भोक पाचोळ्याने बुजलं असेल तर मोकळं करा. पपई, मिरवेल आणि लहान कलमांची उन्हाळी आळी मोडून माती बुंध्याकडे ओढा, म्हणजे खळग्याच्या जागी उंचवटा होईल. नवीन झाड लावायचं असेल तर आत्ता नुसता खड्डा काढून शेणखत आणि मातीने भरा. जमिनीपेक्षा वीतभर वर भरा, कारण पहिल्या पावसात माती खाली बसते आणि सपाट भरलेल्या खड्ड्याचं डबकं होतं.

दगड हलवताना आणि पाचोळा ओढताना हात घालू नका, काठी किंवा फावडं वापरा. आपल्याकडे फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, भरपूर, आणि ते एवढंसं असतं की मुंबईचा माणूस त्याला किरकोळ समजतो. पायांत बूट हवेतच. पाचोळा मात्र जाळू नका, एका कोपऱ्यात रचा, पुढे लागणार आहे.

आता लावण्याबद्दल. आत्ता बिनधास्त जमिनीत जाऊ शकतात ते कंद. हळदीसाठी वीतभर उंच गादीवाफा करा, डोळे फुटू लागलेले गड्डे फुटाफुटावर तीन बोटं खोल ठेवा आणि वर तोच पाचोळा जाड अंथरा. पाचोळा नसला तर पावसाचे थेंब वाफा धुऊन नेतात. श्रावणात पातोळ्यांना घरची पानं मिळतील, ही मला हळदीपेक्षाही मोठी कमाई वाटते. आलंही तसंच. सुरणाचे अर्ध्या किलोच्या आसपासचे तुकडे करा, प्रत्येकाला मधल्या डोळ्याचा भाग आला पाहिजे. ते शेणकाल्यात बुडवून सावलीत सुकवा आणि मग पुरा. पानं पिवळी होऊन लोळली की काढायचा, मधे त्याच्याकडे बघावंही लागत नाही. वानरं या तिघांच्या वाटेला फारशी जात नाहीत. तुमच्यासारख्या न राहणाऱ्याने याहून जास्त हौस करू नये, हे माझं स्पष्ट मत. वांगी-मिरचीची रोपं बाजारातून नेऊन लावाल आणि ती तुम्ही सावंतवाडी स्टेशनावर पोचेपर्यंत माना टाकतील.

वेलांच्या बिया, म्हणजे तवसं (मोठी पावसाळी काकडी), पडवळ, दोडकी, चिबूड, आत्ता टोचू नका. वळवाची एक सर आली की मातीला वास सुटतो आणि हात शिवशिवतात. बी रुजतं, मग आठ दिवस पुन्हा ऊन तापतं आणि कोंब जळतो. मांडव मात्र आत्ताच घाला. ओल्या जमिनीत चिव्याचे (बारीक बांबूचे) खांब हलतात आणि भर पावसात कोणी कामाला येत नाही.

पाऊस नेमका कधी, असंही तुम्ही विचारलंय. दक्षिण कोकणात जूनचा पहिला आठवडा धरायची पद्धत आहे, मृगही 7-8 जूनला लागतो. पण 2025 साली मोसमी पाऊस 25 मेलाच देवगडपर्यंत आला होता आणि त्याच्या आधीच काही दिवस आमच्याकडे कोसळत होता. माझी कोकमांची सालं अर्धी वाळलेली, रसात भिजवून वाळवायची दोनच पुटं दिलेली. अंगणातून पडवीत, पडवीतून चुलीवरच्या माळ्यावर असा त्यांचा प्रवास झाला, तरी अर्ध्यांना बुरा आलाच. हळदीचे वाफेही व्हायचे होते. तेव्हापासून मी खणण्याची कामं 20 मेच्या आत उरकते. तुम्हालाही रजा आठवडाभर अलीकडे घेता आली तर बघा.

पोफळी असतील तर पाऊस लागायच्या आधी घोसांवर 1 टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी झाली पाहिजे, नाहीतर कोळेरोगाने (बुरशीमुळे फळं सडण्याच्या रोगाने) कोवळ्या सुपारीचा खाली सडा पडतो. 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना. दोन्ही वेगवेगळे प्लास्टिकच्या पिंपात भिजवून मग एकत्र करायचे, त्याच दिवशी वापरायचे. लोखंडी खिळा बुडवून बघा, तांबूस पुट चढलं तर चुना कमी आहे. वर चढणं तुमचं काम नव्हे. नारळ उतरवायला पाडेली (माडावर चढणारा) येईल त्यालाच सांगा आणि साधारण दीड महिन्याने दुसरी फवारणी त्याच्याकडूनच ठरवून घ्या. माडाचा शेंडा साफ करताना तो पोखरणारा गेंड्या भुंगा सापडतो का तेही बघायला सांगा. आंब्याखाली सडलेली फळं पडलेली असतील तर गोळा करून दोन फूट खोल पुरा, फळमाशी त्यातूनच वाढते.

वेलांच्या बिया पुरचुंडीत बांधून शेजारी एखाद्या काकूंकडे द्या. खुरपं मारल्यावर वीतभर खाली माती ओली लागली की मगच टोचायच्या, हे सांगून ठेवा. पिकलं की पहिलं तवसं त्यांचं, हेही. आणि निघताना पंपाचा पाईप गुंडाळून उंचावर टांगा, पावसाळ्यात उंदीर कुरतडतात.