‘मी’ म्हणजे नेमकं कोण?

प्रश्न : लोजबान ही तर्कशास्त्रावर बेतलेली कृत्रिम भाषा शिकते आहे. ‘राम म्हणाला की मी आणतो’ याचं मी ‘ला राम शुस्कु लो से दुहु मि बेव्रि’ असं केलं. मुलगा म्हणतो, यात आणणारी तूच झालीस. असं कसं?
– एक वाचक, मिरज

मुलाचं बरोबर आहे. चुकीचं मूळ मराठीच्या सवयीत आहे. आपण ‘की’ घातला तरी पुढे बहुतेक वेळा मूळ बोलणाऱ्याचेच शब्द ठेवतो, म्हणून तुमच्या वाक्यातला ‘मी’ रामच असतो. लोजबानमध्ये ‘लो से दुहु’ने बोलण्याचा आशय सांगितला जातो आणि तिथे ‘मि’ म्हणजे आत्ता जी व्यक्ती बोलते आहे ती, म्हणजे तुम्ही. रामाचे शब्द जसेच्या तसे द्यायचे असतील तर ‘ला राम शुस्कु लु मि बेव्रि लिहु’ म्हणा. ‘लु’ने अवतरण उघडतं, ‘लिहु’ने मिटतं. ही चिन्हं कागदापुरती नाहीत, तोंडाने उच्चारायचे शब्द आहेत. संस्कृतातला ‘इति’ बोलणं कुठे संपलं तेवढं दाखवतो. इथे सुरुवातही ऐकू येते.

हे मला का महत्त्वाचं वाटतं ते सांगते. एकदा भाचीने फोनवर निरोप दिला, ‘बाबा म्हणाले, औषधं मी आणायची.’ मला वाटलं, भाऊ आणणार. प्रत्यक्षात त्याने तिला ‘तू आण’ असं सांगितलं होतं आणि तिने ‘तू’चा ‘मी’ करून ते मला कळवलं होतं. मी भावाच्या भरवशावर राहिले, भाचीला आठवण केलीच नाही आणि आईची रात्रीची गोळी चुकली. तेव्हापासून निरोप सांगताना मी मराठीतही नाव घेऊन बोलते.

जाता जाता : ‘राम’ आपण व्यंजनावर संपवतो म्हणून ते नाव लोजबानमध्ये सरळ बसलं. ‘रमा’ असती तर शेवटी एखादं व्यंजन जोडावं लागलं असतं, कारण तिथे अशी नावं व्यंजनान्त लागतात.

प्रश्न : लोजबान वाक्यात मराठी वाक्य उद्धृत करता येतं का? ‘लु’ लावून चालेल?
– एक विद्यार्थी, बेळगाव

‘लु’ चालणार नाही. त्याच्या आत व्याकरणशुद्ध लोजबानच हवं. परभाषेसाठी ‘जोइ’ आहे (‘जोर’मधला ज). ‘जोइ’नंतर तुमच्या पसंतीचा एक लोजबान शब्द, मग क्षणभर थांबून मराठी मजकूर, पुन्हा थांबून तोच शब्द. अट एकच : तो शब्द मजकुरात कुठेही येता कामा नये. इथे मराठी माणसाने जपायला हवं, कारण लोजबानचा ‘मि’ आणि आपला ‘मी’ कानाला सारखेच. ‘मि’ कुंपण म्हणून घेतलात आणि आत ‘मी उद्या येतो’ असेल, तर पहिल्याच शब्दाला अवतरण मिटेल. भाषेच्या नावाचं आद्याक्षर घेण्याचा प्रघात आहे, पण मराठीसाठी ‘म’ घेतला तर तो ‘मला’, ‘समज’ यांतही सापडतो. मी ‘बांगु’ (भाषा) वापरते : ‘जोइ बांगु. मी उद्या येतो .बांगु’. आजवर अडचण आली नाही.

प्रश्न : मग एखाद्याचं चुकलेलं लोजबान वाक्य दाखवायचं असेल तर?
– तोच विद्यार्थी

‘लोहु’ आणि ‘लेहु’ यांच्यामध्ये ठेवा. आतले शब्द लोजबानचे असले की पुरे, व्याकरण मोडलेलं चालतं. शिकवणाऱ्याला ही जोडी रोज लागते. आणि एकाच शब्दाबद्दल बोलायचं असेल तर ‘जो’. ‘मांजर तीन अक्षरी आहे’ असं आपण बिनदिक्कत म्हणतो, पण अक्षरं प्राण्याला नसतात, शब्दाला असतात. ‘लो म्लातु’ म्हणजे दूध पिणारं मांजर, ‘जो म्लातु’ म्हणजे तो शब्द. ‘जो’ पुढचा कुठलाही एक शब्द पकडतो, त्यामुळे खुद्द ‘लिहु’बद्दल बोलायचं झालं तरी ‘जो लिहु’ म्हटलं की काम होतं.